मोडी वाचनाच्या वाटेवर येऊ पाहणाऱ्यांसाठी

खानदेशात बारावी विज्ञान झालेल्या मुलापुढच्या वाटा बहुधा आधीच ठरलेल्या असतात. गुण चांगले पडले तर अभियांत्रिकी, नाहीतर फार्मसी, आणि पदवी हाती आली की जळगाव किंवा धुळ्याच्या एखाद्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी. अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी मोडीकडे, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिलेले आहेत तिच्याकडे वळलो, तेव्हा भावकीतल्या एका जिभाऊंनी विचारले, "त्यानावर पोट भरी का?" प्रश्न बोचरा असला तरी रास्त होता आणि तो घरच्यांनी विचारण्याआधी आपण स्वतःला विचारलेला बरा.

आधी हे काम कसे असते ते पाहावे. मोडीत ओळभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली हात शक्यतो न उचलता अक्षरे लिहिली जात; शब्दांमध्ये जागा सोडत नसत, विरामचिन्हे नसत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. मुळाक्षरे लवकर येतात, पण प्रत्येक लेखकाचे वळण निराळे असल्याने एका दप्तरावर, म्हणजे जुन्या कागदांच्या एका गठ्ठ्यावर, बसलेला हात दुसऱ्या दप्तरावर पुन्हा अडखळतो. पेशवाईतल्या कागदावर 'छ' लिहून पुढे चंद्रतिथी, अरबी महिना आणि शुहूर सन, म्हणजे त्या काळच्या कालगणनेतले वर्ष, येते. त्या सनाचे वर्ष मृगाला सुरू होत असल्यामुळे इसवी सन काढताना कधी ५९९ तर कधी ६०० मिळवावे लागतात. खानदेशाचे पूर्व (आजच्या जळगावकडचा) आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले, त्यामुळे त्याआधीच्या कागदांत स्वतंत्र जळगाव जिल्हा शोधणे व्यर्थ असते. असल्या खटाटोपाचा ज्याला वीट येत नाही, त्याने खुशाल यावे. केवळ ऐतिहासिक कादंबऱ्या आवडतात म्हणून येणाऱ्यांची हौस पहिल्या जमाखर्चाच्या कागदापाशीच विरते, असे मी पाहिले आहे.

शिकण्याची सोय अवघड नाही. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग घेते. धुळ्यात तर इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आहे. खेडोपाडी हिंडून दप्तरे गोळा करणाऱ्या त्या माणसाच्या नावाची संस्था आपल्या भागात असणे, हे मी भाग्यच समजतो.

घरच्यांच्या बाबतीत माझा सल्ला वादाचा नाही. आमच्या नानांनी आयुष्यभर कापसाचा भाव आणि पावसाचा खंड सोसलेला, त्यामुळे ठरावीक तारखेला येणारा पगार त्यांना सर्वांत मोठा वाटे आणि त्यात काही वावगे नव्हते. त्यांच्यापुढे आवडीची भाषा बोलण्याऐवजी मी हिशेब मांडला: शिकवण्यांतून इतके येतील, लिप्यंतरातून, म्हणजे मोडी मजकूर देवनागरीत उतरवून देण्यातून, सुरुवातीला काहीच येणार नाही, आणि ठरल्या मुदतीत जम बसला नाही तर नोकरीचे अर्ज भरीन. ते खूश झाले नाहीत, पण त्यांनी रोजचा तगादा थांबवला, आणि शिकणाऱ्याला तेवढी उसंत पुरते.

मिळकतीबद्दल स्पष्ट सांगायचे तर ती सरळ चालत नाही. जमिनीचे जुने वाद, वारसहक्क आणि जात पडताळणी यांसाठी लोक कागद घेऊन येतात. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. मात्र अशा लाटेच्या भरवशावर घर चालवायचे नसते, जोडीला दुसरे उत्पन्न हवेच.

लोकांच्या अपेक्षांपासून सुटका मात्र इथेही नाही. एकदा एक गृहस्थ जन्ममृत्यूच्या नोंदवहीतली जुनी नोंद घेऊन आले. नाव आणि 'बिन' पुढचे वडिलांचे नाव स्वच्छ होते, पण जातीच्या रकान्यात कसर लागून दोनच अक्षरे उरली होती, आणि त्यांतले पहिलेही नीट लागत नव्हते. त्यांना हवा असलेला शब्द तिथे बसवता आला असता. तसा त्यांनी आग्रह केला, गावचा माणूस म्हणून गळ घातली, पैसेही वाढवून देऊ केले. मी भिंगाखाली कागद पुन्हा पाहिला, लिप्यंतरात त्या जागी 'अस्पष्ट' लिहिले आणि खाली सही केली. ते कागद घेऊन दुसऱ्या वाचकाकडे गेले. नवख्यांना असे गिऱ्हाईक पहिल्याच वर्षी भेटेल, तेव्हा उत्तर आधीच ठरवून ठेवावे.