जुनी लष्करी रायफल ओरिजिनल आहे का? बघताना या चुका टाळा

दसरा जवळ आला की मला दरवर्षी धडकी भरते. आपल्या धुळे-जळगावकडच्या जुन्या वाड्यांत शस्त्रपूजेच्या आदल्या दिवशी माळ्यावरची बंदूक खाली उतरते, मग घरातला एखादा उत्साही पोरगा चिंच, राख आणि वरून सँडपेपर घेऊन बसतो आणि संध्याकाळपर्यंत तिला पितळी तांब्यासारखी लख्ख करून ठेवतो. सगळ्यात मोठी चूक हीच. नळीवरचा काळपट रंग म्हणजे मळ नाही हो, आणि लाकडावरचे बारीक शिक्के एकदा घासले गेले की परत येत नाहीत, संग्राहक तर त्या शिक्क्यांसाठीच वस्तू बघायला येतो. मऊ कापडाने धूळ पुसा, लोखंडाला हलकं मशीनचं तेल लावा, बास.

दुसरी चूक जिवावरची. ठासणीच्या बंदुकीत पणजोबांच्या काळातला बार तसाच असू शकतो. लाकडी काठी नळीत टोकापर्यंत सरकवा, तोंडाशी खूण करा, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा. काठी अलीकडेच अडली असेल तर आत काहीतरी आहे, हात काढा आणि जाणकाराला बोलवा. कागदाचंही तसंच, वारसाने आलेली बंदूक आहे म्हणजे परवाना लागत नाही असं धरून चालू नका, कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र परवाना शाखेत आधी विचारा. पॉइंट थ्री नॉट थ्री (.303 इंच बोरची, म्हणजे नळीच्या त्या मापाची लष्करी रायफल) तर प्रतिबंधित बोरमध्ये येते, साध्या परवान्यावर ती मिळतच नाही.

आता शिक्के. ली-एनफिल्डमध्ये, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या याच थ्री नॉट थ्रीमध्ये, बोल्टच्या (काडतूस आत ढकलायला मागे-पुढे सरकवतात त्या दांड्याच्या) मागे, दस्त्याला लागून जो लोखंडी भाग आहे त्याच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना आणि साल असतं. लोक साल वाचतात आणि खूश होतात, अक्षरं कोणी वाचत नाही. व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया, ती गेली 1901 मध्ये. ई. आर. म्हणजे एडवर्ड, 1910 पर्यंत. त्यानंतर जी. आर., जॉर्ज. मग व्ही. आर.च्या खाली 1915 लिहिलेलं दिसलं तर काय समजायचं? पाकिस्तानात खैबरच्या बाजूला, दर्रा आदमखेल गावात, हाताने घडवलेल्या नकला असतात त्यात असं हमखास सापडतं, कधी इंग्रजी एन अक्षर उलटं कोरलेलं, कधी एनफिल्डचं स्पेलिंगच चुकलेलं. मग नंबर. नळी, बॉडी, बोल्टचा दांडा, मागची साईट, पुढची टोपी, लाकडाच्या पुढच्या टोकाखाली, एवढ्या ठिकाणी एकच नंबर जुळला तर सोन्याहून पिवळं. स्क्रूच्या खाचा चावल्यासारख्या झाल्या असतील तर कोणीतरी ती उघडलेली आहे, भाग बदललेले असू शकतात.

पण इथेच माणसं दुसऱ्या टोकाला जातात आणि आपल्याच देशात बनलेल्या चांगल्या रायफलला नकली ठरवतात, याचं मला फार वाईट वाटतं. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याची पद्धत वेगळी होती. मॅगझिनच्या, म्हणजे खालच्या काडतुसांच्या पेटीच्या, पुढे लाकडातून आरपार गेलेला स्क्रू दिसला की लोक म्हणतात गावठी दुरुस्ती, अरे ती ईशापूरची मजबुतीसाठीची खूण आहे. एफ. आर. (फॅक्टरी रिपेअर) आणि साल ठोकलेलं असेल तर ती कारखान्यातच दुरुस्त झाली, अशा रायफलला नंबर दोनची म्हणू नका, तो तिचाच इतिहास आहे. आणि काळा पेंट खरवडू नका, तो बऱ्याचदा तिथलाच असतो.

मॅगझिन चौकोनी असेल तर ती पॉइंट थ्री नॉट थ्री नसून 1960 च्या दशकातली ईशापूर टू-ए किंवा टू-ए-वन असू शकते, 7.62 मिलिमीटर बोरची. आपल्याकडे दोन्हींना सरसकट थ्री नॉट थ्रीच म्हणतात. काडतूस घालून तर अजिबात बघू नका. वरणगाव-भुसावळ पट्ट्यात ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेली माणसं आहेत, त्यांना विचारा, थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते आणि 7.62 ला नसते, हे ते एका नजरेत सांगतील.

गोष्टींवर पैसे देऊ नका. "हाई मन्हा आजानी शे, भिल्ल पलटणनी," असं म्हणत एकाने मला बोल्टची रायफल दाखवली होती. औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली 1825 मध्ये, तेव्हा चकमक दगडाच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुका होत्या, आणि ही आखूड ली-एनफिल्ड आली 1903 मध्ये. आजोबा पुढे त्या पलटणीत असतीलही, पण मग पलटणीचा शिक्का कुठे, कागद कुठे?

पारोळ्याकडच्या एका परवानाधारकाची मस्केट मात्र अजून डोक्यातून जात नाही. नळीत आटेच (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) नाहीत, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा, म्हणून कोणीतरी तिला डुप्लिकेट ठरवली आणि त्यांनी खचून ती खोलीच्या कोपऱ्यात लावून ठेवली. ती ईशापूरची पॉइंट फोर वन झिरो (.410) बोरची होती. पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी कारखान्यानेच रायफलची गुळगुळीत नळीची, एकेरी बारची मस्केट केली होती, लष्करी काडतूस चालू नये म्हणून. मी पोचलो तोवर पुढचं लाकूड वाळवीने अर्धं खाल्लं होतं, आणि नंबर त्याच अर्ध्यात होता.