घाटात दम सोडणारी जुनी गाडी: दोष पकडायचा कसा

"गाडी ओढत नाही" म्हणत कुणी आलं की मी लगेच बोनेट उघडत नाही. विचारतो, कधी ओढत नाही? थंड असताना की तापल्यावर? फक्त चढाला की सपाटीलाही? पूर्ण रेस दिल्यावर की थोड्या रेसलासुद्धा? टाकी भरलेली असताना की संपत आल्यावर? शेवटच्या प्रश्नाला लोक हसतात. हसू देत, पण उत्तर लिहून ठेवायचं.

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. आता कराडला घरीच असतो आणि ओळखीपाळखीच्यांच्या जुन्या गाड्या बघतो. बहुतेक कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) मारुती 800, अधूनमधून एखादी पद्मिनी. या गाड्यांना स्कॅनर लावून कोड वाचता येत नाही, म्हणून मेस्त्री एकेक पार्ट बदलत सुटतो. आधी प्लग, मग ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी कॉइल, मग कार्ब्युरेटरचं किट. पैसे जातात आणि खंबाटकीला गाडी पुन्हा सेकंडवर येते. दोष हजर असेल तेव्हाच तपासायचं, हे मी पोरांना घोकून घोकून सांगायचो. थंड होऊन गॅरेजात आलेली गाडी पाहुण्यांसमोरच्या मुलासारखी शहाण्यानं वागते.

सुरुवात इंजिनापासून करू नका. 796 सीसीचं इंजिन, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आत. त्यातली चार-पाच एखाद्या घासणाऱ्या ब्रेकनं खाल्ली तरी माणसाला वाटतं इंजिन गेलं. दहा-पंधरा किलोमीटर चालवून या, शेवटी ब्रेक फारसा न मारता थांबा आणि चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या. एकच चाक भट्टीसारखं लागलं तर व्हील सिलेंडर किंवा कॅलिपर अडकलंय. मग जॅक लावून ते चाक हातानं फिरवून खात्री करा. क्लचची परीक्षा अशी: टॉपमध्ये ताशी चाळीसवर असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेगाचा काटा जागेवरच राहिला, तर क्लच प्लेट घसरतेय.

आणखी एक फुकटची तपासणी. दुसऱ्या माणसाला आत बसवून, इंजिन बंद ठेवून पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि तुम्ही कार्ब्युरेटरकडे बघा. थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) पूर्ण उघडतो का? केबल ढिली असते, नाहीतर पेडलखाली दोन-दोन मॅट अंथरलेल्या असतात. माणूस पाऊण रेसवर घाट चढत असतो आणि दोष देतो इंजिनाला.

उंचीचाही हिशेब धरा. दर हजार फुटांना हवा विरळ होऊन साध्या इंजिनाची साधारण 3 टक्के ताकद जाते. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे. तिथे गाडी सुस्त वाटली तर तो दोष नव्हे, ते भौतिकशास्त्र आहे.

आता खरा अवघड प्रकार बघू. गाडी सकाळी एका सेल्फला चालू होते, आयडलिंग छान, गावात पळते. अर्ध्या तासानं घाट लागला की थर्डला आचके देते, सेकंडला रडते. बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलं की पुन्हा ठीक. हे लक्षण तीन वेगवेगळ्या आजारांचं आहे आणि तिन्ही नुसत्या थांबण्यानं बरे होतात. घोटाळा होतो तो इथेच.

पहिला आजार, टाकीला श्वास नाही. पेट्रोल खेचलं गेलं की त्याच्या जागी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत निर्वात साठत जातो आणि शेवटी पंपाला पेट्रोल ओढवेनासं होतं. दुसरा, व्हेपर लॉक. यांत्रिक पंप इंजिनालाच बसवलेला असतो, त्यामुळे उन्हात, चढावर पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. तिसरा, तापल्यावर कमजोर पडणारी कॉइल किंवा तिच्या जोडीचा कंडेन्सर, म्हणजे ठिणगीच कमकुवत.

यांतला कुठला, हे ओळखायचं तर गाडी आचके द्यायला लागली की सुरक्षित जागा बघून कडेला घ्या, टाकीचं झाकण उघडा, फुस्स असा हवा आत शिरल्याचा आवाज येतो का ऐका, झाकण लावा आणि लगेच निघा. विश्रांती द्यायची नाही. गाडी तडक सुधारली तर टाकीचा श्वास कोंडला होता. नाही सुधारली, तर पुढच्या थांब्याला फक्त पंपावर आणि पेट्रोलच्या नळीवर ओलं फडकं टाका. त्यानंही फरक नाही, तर ठिणगी बघा. एचटी लीडला (प्लगला वीज नेणारी जाड वायर) जुना प्लग लावून तो इंजिनाच्या धातूवर टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारू द्या. निळी, जाड, टकटक आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक असेल तर कॉइल-कंडेन्सर बघा. हे करताना पेट्रोलची कुठलीही नळी सुटलेली नको आणि लीड उघड्या हातानं धरू नका. एका वेळी एकच गोष्ट करायची, नाहीतर कशानं बरं झालं ते कळत नाही.

आमच्या शेजारच्या गुरुजींची 800 अशीच होती. सासुरवाड चिपळूणला. जाताना गाडी गुणी, येताना कुंभार्ली घाटात मरायची. प्लग बदलून झाले, फिल्टर झाला, गाडीतला पंपही झाला.

"सर, चिपळूणचं पेट्रोलच पाणचट आहे," गुरुजी म्हणाले. "दुसऱ्या पेट्रोल पंपावर भरून बघितलं, तरी तेच."

"तिथून निघताना टाकी फुल करता का?"

"हो, सासरे भरून देतात."

"आणि गाडीत अलीकडं नवीन काय बसवलं?"

"काही नाही हो. किल्ली हरवली म्हणून टाकीचं झाकण तेवढं नवं घेतलं."

झाकण हा पार्ट आहे हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. मूळ झाकणात हवा आत घेणारा बारीक व्हॉल्व्ह होता. बाजारातलं स्वस्त झाकण ठार बंद. टाकी काठोकाठ भरली की वर हवा थोडीच उरते, मग थोडं पेट्रोल खर्च झालं तरी निर्वात पटकन साठतो. अर्धी टाकी असताना तोच दोष बराच वेळ दडून राहतो. म्हणून चिपळूणचं पेट्रोल बदनाम. घाटाच्या पायथ्याला झाकण उघडलं तर हवा शिरल्याचा आवाज ड्रायव्हरच्या सीटपर्यंत आला. व्हॉल्व्ह असलेलं झाकण बसवलं आणि तक्रार मिटली. झाकणाला खिळ्यानं भोक पाडायचा सल्ला देणारे महाभाग भेटतील. ऐकू नका. वळणावर पेट्रोल बाहेर येतं आणि वाफ सुटत राहते ती वेगळीच. ज्या गाड्यांत टाकीच्या श्वासाची वेगळी नळी असते, तिथे नळीचं टोक बघा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधून जाते.

ई-20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर हल्ली सगळंच खपवतात. इथेनॉलमध्ये त्याच मापाच्या पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज आणि ओढ थोडी घटणार हे खरं. पण तेवढ्यानं गाडी घाटात मरत नाही. खरा त्रास जुन्या रबरी नळ्यांना होतो. त्या आतून फुगतात, सोलतात आणि तो भुगा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (बारीक भोकात) जाऊन बसतो. पंचवीस वर्षांच्या नळ्या एकदा सगळ्या बदलून टाका. पार्ट आधी बदलून टाका असं मी सांगतो ते एवढ्या एकाच बाबतीत.

दोष तापण्यावर अवलंबून नसेल, गाडी कायमच मंद असेल, तर डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे, या. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी (इंजिनाच्या ओढीनं ठिणगी लवकर पाडायला लावणारी) कार्ब्युरेटरकडून सोडवा, तोंडानं ओढा आणि जीभ लावून धरा. ओढ टिकली तर आतला पडदा शाबूत. हवा येतच राहिली तर फाटलाय. पॉइंटची (ठिणगीसाठी वीज जोडतोड करणाऱ्या संपर्कांची) गाडी असेल तर गॅप फिलर गेजनं 0.4 ते 0.5 मिलिमीटर. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) मिळाला तर रेस वाढवताना खूण पुढे सरकते का ते बघा. सरकत नसेल तर आतली वजनं गंजून अडकलीत. आणि टायमिंग बेल्ट बदलल्यापासून गाडी मंद असेल तर बाकी काही न बघता बेल्टच्या खुणा जुळवा. एक दात चुकला तरी इंजिन चालतं, पण ओढत नाही.

सायलेन्सर मात्र लोक विसरतात. बाहेरून रंग लावलेला, आतली नळी कुजून आडवी पडलेली. 1 एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) सक्तीचा झाला. शिशाचं पेट्रोल बाहेरगावी मात्र 2000 सालापर्यंत मिळत होतं, आणि शिसं कन्व्हर्टरला मारतं. त्यामुळे त्या काळातली मुंबई पासिंगची गाडी तुमच्याकडे आली असेल तर कन्व्हर्टर आहे का आणि चोंदलाय का, हे तपासायलाच हवं. त्यासाठी व्हॅक्यूम गेज (निर्वात मोजणारा) घ्या, फार महाग नसतो. मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीच्या) निपलला जोडला की गरम, निरोगी इंजिन आयडलिंगला समुद्रसपाटीवर पाऱ्याचे 17 ते 21 इंच दाखवतं. कराडसारख्या उंचीवर दोनएक इंच कमी धरा. आता मध्यम रेस एकसारखी धरून ठेवा. काटा हळूहळू खाली घसरत गेला तर धूर बाहेर पडायला वाट नाही. पुढचा पाइप ढिला करून पुन्हा बघा. आवाज भयंकर होईल, पण काटा टिकला तर पक्कं झालं. हे काम उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नको.

आयडलिंगलाच काटा ठरावीक लयीत फडफडत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट) बघा, मग कॉम्प्रेशन गेजनं सिलेंडरमधला दाब मोजा. इंजिन गरम, 800 चे तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर सुटी, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलेंडरचा आकडा वहीत लिहा. तिन्हींत एक किलोहून (प्रति चौरस सेंटिमीटर) जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलेंडर सारखेच पडलेले असतील तर बहुधा हेड गॅस्केट त्या दोघांच्या मधे फुटलंय. त्या वहीसकट गाडी गॅरेजला न्या आणि हेड उतरवायच्या आधी मेस्त्रीला आकडे दाखवा.