देशी सिनेमाला सरकारी आधार देताना या चुका टाळा

आपल्या भाषेतला सिनेमा टिकावा म्हणून सरकारने पैसा द्यावा, पडदे राखून ठेवावेत, ही मागणी रास्तच आहे. योजना असूनही सिनेमा प्रेक्षकांपर्यंत पोचत नसेल, तर दोष बहुतेकदा नियमाच्या मसुद्यातच सापडतो.

नुसती संख्या मोजणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ब्रिटनने 1927 च्या कायद्याने वितरकांना आणि थिएटरांना ब्रिटिश सिनेमांचा ठरावीक वाटा सक्तीचा केला. खर्चाची किंवा दर्जाची अट मात्र घातली नाही. मग तिथे सिनेमे वितरित करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनी फिल्मच्या फुटाला एक पौंड अशा दराने, कापड मापून घ्यावं तसे, झटपट सिनेमे काढून घेतले. काही तर सकाळी झाडलोट करणाऱ्या बायकांपुढे चालवले जात, असं सांगतात. कागदावर कोटा पूर्ण! अखेर 1938 मध्ये किमान खर्चाची अट आली.

वेळ न ठरवणं. कॅनडाने 1971 मध्ये रेडिओवर 30 टक्के कॅनेडियन संगीत बंधनकारक केलं. काही केंद्रांनी ती गाणी रात्री उशिरा नाहीतर भल्या पहाटे उरकली. टक्केवारी भरली, ऐकणारे झोपेत. म्हणून टक्क्यांसोबत तासही नियमातच लिहा.

प्रदर्शन वाऱ्यावर सोडणं. याच कॅनडात सत्तरच्या दशकात सिनेमातल्या गुंतवणुकीवर शंभर टक्के करवजावट मिळायची. पैसा धो-धो आला, पण कित्येक सिनेमे डब्यातच राहिले. गुंतवणूकदाराचा कर वाचला होता, सिनेमा लागो न लागो. अनुदानाचा शेवटचा हप्ता प्रदर्शनानंतरच द्या आणि वितरणासाठी वेगळी तरतूद ठेवा.

दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडाकडे पाहणं. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटावरचा कर सिनेमाच्या निधीत जातो, अगदी हॉलिवूडपटाच्या तिकिटावरचासुद्धा. सिनेमा जितका चालेल त्या प्रमाणात निर्मात्याच्या नावे रक्कम जमा होते, पण ती पुढच्या सिनेमातच घालावी लागते. मला तरी यापेक्षा शहाणी रचना दिसलेली नाही.

आणि कोटा म्हणजे रामबाण उपाय समजू नका. दक्षिण कोरियाने 2006 मध्ये थिएटरांत देशी सिनेमे दाखवायचे वर्षातले सक्तीचे दिवस 146 वरून 73 वर आणले, तरी तिथला सिनेमा संपला नाही. 1996 मध्येच तिथल्या संविधान न्यायालयाने सिनेमाची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरवली होती आणि दिग्दर्शकांना विषय मोकळे झाले होते. त्यामुळे अनुदान देणाऱ्या समितीला पटकथेतले संवाद खोडायचा अधिकार देऊ नका.