तास येतात, सह्या येत नाहीत

बारामती, धुळे किंवा गोंदियाला वीस-पंचवीस तास विमान उडवून झालेलं असतं आणि नोकरी किंवा लग्नामुळे अमेरिकेत यावं लागतं. अशी मुलं-मुली मला डॅलसमध्ये दर वर्षी भेटतात. पहिला प्रश्न ठरलेला: "आता सगळं पहिल्यापासून का?"

नाही. एफएए या अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेच्या नियमावलीत ६१.४१ हे कलम आहे. डीजीसीएच्या (भारताच्या विमान नियामक संस्थेच्या) मान्यताप्राप्त इन्स्ट्रक्टरने भारतात दिलेलं प्रशिक्षण इथल्या प्रायव्हेट पायलटच्या किमान ४० तासांत धरता येतं. मात्र त्यांची सही एवढंच सांगते, की हे शिकवून झालं. सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, सोडायला आणि परीक्षेला बसवायला इथल्याच इन्स्ट्रक्टरची सही लागते. म्हणजे तिकडे सोलो झालेला असला तरी इथे काही तास शेजारी कुणीतरी बसणारच. वाईट वाटून घेऊ नका, त्या माणसाने तुम्हाला उडताना पाहिलेलं नाही.

म्हणून निघण्याआधी लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, पक्कं करून घ्या. दर ओळीत तारीख, विमानाचा प्रकार, व्हीटीने सुरू होणारी नोंदणी, ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबत) की सोलो, आणि इन्स्ट्रक्टरची सही परवाना क्रमांकासकट. माझ्या एका पानावरची, सहा तासांची सही राहून गेली होती. शिकवणारे सर तोवर एअरलाइनमध्ये गेलेले. भावाने क्लबात खेपा घातल्या, उपयोग झाला नाही. ते सहा तास मी इथे पैसे भरून पुन्हा उडवले. पानापानाचे फोटो काढा आणि लॉगबुक हातातल्या बॅगेत, पासपोर्टशेजारी ठेवा.

पीपीएल, म्हणजे प्रायव्हेट पायलटचा परवाना, भारतातच पूर्ण झालं असेल तर तुमचा रस्ता वेगळा, कलम ६१.७५चा. डीजीसीएकडून परवान्याची पडताळणी होऊन आली की त्याच्या आधारावर इथलं सर्टिफिकेट मिळतं. पण मग भारतातला परवाना चालू ठेवावा लागतो.

बाकीच्यांचं पहिलं काम टीएसएची, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेची, मंजुरी. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या सगळ्यांना, ग्रीन कार्डवाल्यांनाही, बोटांचे ठसे देऊन ती घ्यावी लागते आणि ती येण्याआधी प्रशिक्षण सुरू होत नाही. तुमच्या व्हिसावर हे चालतं का, ते वकिलाला आधी विचारा. एसपीएल (भारतातला विद्यार्थी-परवाना) आणि डीजीसीएचं मेडिकल इथे लागू नाही, दोन्ही नव्याने काढायची. मंजुरीची वाट पाहताना लेखी परीक्षेचा अभ्यास उरका: ६० प्रश्न, ७० टक्क्यांना पास, निकाल २४ महिने चालतो.

बहुतेकांच्या लॉगबुकात रात्र नसते. भारतात सूर्यास्तानंतर व्हीएफआर (बाहेर नजरेने पाहून केलेलं) उड्डाण सहसा होतच नाही. इथे ३ तास रात्रीचे, त्यात १० लँडिंग आणि १०० नॉटिकल मैलांहून लांबची एक फेरी सक्तीची आहे. हे तास घाईत उरकू नका. दिवसा जमीन जवळ येताना दिसते. रात्री धावपट्टीच्या दोन्ही कडांचे दिवे डोळ्यांच्या कडेला पसरत जातात, त्यावरून उंची ओळखावी लागते. मी पहिल्या चार वेळा फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, फार वर केला.

दुसरी सवय अल्टिमीटरची, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्राची. सेटिंगच्या छोट्या खिडकीत आपली नजर १०१३ (हेक्टोपास्कल) शोधते, तिथे २९.९२ असतं, कारण इथे दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात. आणि सर्किटला, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीला, पॅटर्न म्हणतात.

तिसरी, रेडिओ. टॉवर नसलेल्या विमानतळांवर परवानगी देणारं कुणी नसतं. आपण कुठे आहोत, काय करतोय, ते आपणच बोलायचं. विमानतळाचं नाव वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा घ्या; आसपासचे बरेच विमानतळ तीच फ्रिक्वेन्सी वापरतात. मी दोन आठवडे ऑफिसला जाताना गाडीत ती वाक्यं मोठ्याने म्हणत असे.