गरज लिहायला लाजू नका: एल्क्स लॉजच्या शिष्यवृत्तीचा आमच्या घरचा अनुभव

लॉज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एसटी स्टँडसमोरचं लॉजिंग-बोर्डिंग येतं. अमेरिकेत गावोगावी जी लॉज दिसतात त्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. एल्क्स, मेसन, ऑड फेलोज अशा जुन्या बंधुमंडळांच्या त्या शाखा असतात. सभासद वर्गणी भरतात, महिन्याच्या सभा घेतात, शुक्रवारी माशांचं जेवण ठेवतात, माजी सैनिकांसाठी काम करतात आणि बारावी संपवून कॉलेजात जाणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती देतात. आम्ही ओहायोत, कोलंबसच्या पूर्वेला राहतो. गावातल्या एल्क्स लॉजवरून मी बारा वर्षं गाडीने गेले असेन. आत काय चालतं हे कधी विचारलं नाही. ते आपल्यासाठी नाही, असं गृहीतच धरलं होतं.

लेक बारावीत गेल्यावर तिथे जावं लागलं आणि तो समज मोडला. तुमची मुलं या वर्षी किंवा पुढच्या वर्षी बारावीत असतील तर हे वाचा.

आधी पात्रता. आमच्या घरात सगळ्यात जास्त मनस्ताप याच गोष्टीने दिला. एल्क्स नॅशनल फाउंडेशनची जी मोठी स्पर्धा आहे, तिचं नाव ‘मोस्ट व्हॅल्युएबल स्टुडंट’. तिला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्ड चालत नाही. आमचा मुलगा नाशिकला जन्मलेला, दोन वर्षांचा असताना इथे आला. २०२१ साली तो बारावीत होता तेव्हा आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेतच होतं, आणि ते आलं असतं तरी उपयोग नव्हता. त्याच्या शाळेत कुणी हे नीट सांगितलं नाही. त्याने दोन आठवडे निबंध लिहिला आणि अर्जाच्या पानावर नागरिकत्वाच्या रकान्यापाशी येऊन थांबला. तो काही बोलला नाही, पण त्या रात्री जेवला नाही. म्हणून सांगते, एच-फोरवर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या मुलांनी पहिल्याच दिवशी नियमांचं पान वाचावं. आणि तिथेच सोडून देऊ नये. प्रत्येक लॉजच्या स्वतःच्या छोट्या शिष्यवृत्त्या असू शकतात आणि त्यांचे नियम वेगळे असू शकतात. लॉजच्या सेक्रेटरीला फोन करून थेट विचारावं. मुलाच्या वेळी आम्ही तो फोन केला नाही, याची मला आजही खंत आहे.

लेक इथेच जन्मलेली, त्यामुळे तिची अडचण नव्हती. आईवडील एल्क्सचे सभासद असावे लागतात, असा पुष्कळांचा समज असतो. या स्पर्धेसाठी तशी अट नाही. सभासदांच्या मुला-नातवंडांसाठी वेगळी ‘लेगसी’ शिष्यवृत्ती आहे, या दोन्हींची गल्लत करू नका. देशभरातून पाचशे मुलं निवडतात. सगळ्यात लहान शिष्यवृत्ती चार वर्षांची मिळून ४,००० डॉलर, म्हणजे वर्षाला १,०००. वरच्या वीस मुलांना त्याच्या कितीतरी पट मिळतात. अर्ज आधी तुमच्या पत्त्याच्या जवळच्या लॉजकडे जातो, तिथून जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय पातळी. अर्जाला फी नाही. शिष्यवृत्तीच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर तो गृहस्थ लॉजचा नाही, हे पक्कं समजा.

मुदत नोव्हेंबरमध्ये असते. ऐकायला लांब वाटते, पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुलं कॉलेजच्या अर्जांत गळ्यापर्यंत बुडालेली असतात आणि शाळेच्या काउन्सेलरकडे ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे गुणपत्रकासाठी, रांग लागलेली असते. आम्ही सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मागितलं म्हणून वेळेत मिळालं.

आता खरा मुद्दा. गुण, नेतृत्व आणि आर्थिक गरज, या तिन्हींवर अर्ज तोलतात. पहिल्या दोन्हींत आपली मुलं मागे नसतात. तिसऱ्यापाशी आपण घसरतो, कारण गरज सांगायची आपल्याला लाज वाटते.

२०२४च्या मार्चमध्ये माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. सात महिन्यांनी दुसरी मिळाली ती बऱ्याच कमी पगाराची. त्या काळात आम्ही मुलाच्या कॉलेजसाठी साठवलेल्या पैशांतून घराचे हप्ते भरले. हे आम्ही मराठी मंडळातल्या कुणालाही सांगितलं नव्हतं, गणपतीत नेहमीसारखे हसतखेळत वावरलो. लेकीच्या अर्जात आर्थिक परिस्थितीचा भाग आला तेव्हा नवरा म्हणाला, “आकडे भरा आणि पुढे चला. हात पसरायचे नाहीत.” आणि इथेच गोची होती. सरकारी मदतीचा फॅफसा फॉर्म दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतो. २०२५-२६च्या फॉर्ममध्ये आकडे २०२३चे. २०२३मध्ये आमच्या घरी दोन चांगले पगार येत होते. नुसते आकडे पाहिले तर आमच्यासारखं सुखवस्तू घर नाही. घर अडचणीत आलेलं दिसायला कुणीतरी शब्दांत लिहायला हवं होतं.

माझे आजोबा पुण्यात वार लावून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवायचं, असे सात दिवस सात घरी. ते आयुष्यभर त्या सात घरांची नावं सांगायचे, अभिमानाने सांगायचे. मी नवऱ्याला एवढंच म्हटलं की आजोबांनी दार वाजवलं नसतं तर आपण इथवर आलो नसतो. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानेच उठून नोकरी गेल्याचं पत्र शोधून काढलं.

लेकीने पाच ओळी लिहिल्या. कोणत्या महिन्यात नोकरी गेली, कधी मिळाली, पगार किती टक्क्यांनी कमी झाला, भाऊ कॉलेजात आहे, शिल्लक कशावर खर्च झाली. रडगाणं नाही, विशेषणं नाहीत. गरज अशीच लिहावी असं माझं स्पष्ट मत आहे. तारीख आणि आकडा द्या, समोरचे लोक संसारी असतात, त्यांना बाकीचं कळतं. हेच पत्र पुढे कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयालाही पाठवा. नोकरी गेली असेल तर ते उत्पन्नाचा फेरविचार करू शकतात, पण तुम्ही मागितल्याशिवाय कुणी करत नाही.

निबंधाचा पहिला मसुदा मात्र फसला होता. कथक आठ वर्षं, रोबोटिक्स, गणित संघ, मराठी शाळेत मदतनीस. सगळं खरं, पण असे अर्ज परीक्षकांपुढे कितीतरी येत असणार. मी तिला विचारलं, शनिवारी तू पँट्रीत काय करतेस ते का नाही लिहीत? आमच्या भागात भूतानहून निर्वासित म्हणून आलेली नेपाळीभाषक कुटुंबं पुष्कळ आहेत. पँट्री म्हणजे फुकट अन्नधान्य देणारं केंद्र, तिथे ती मंडळी येतात. लेक तिथे डबे लावायची. तिच्या लक्षात आलं की म्हाताऱ्या आज्या डबा हातात घेऊन उलटसुलट करतात आणि परत ठेवतात. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि आत गोमांस तर नाही ना, याची धास्ती. लेकीने मराठी शाळेत गिरवलेली देवनागरी तिथे कामाला लावली. एका नेपाळी मुलीकडून शब्द विचारून घेतले आणि जाड मार्करने चिठ्ठ्या लिहिल्या: ‘गाईको मासु’ (गाईचं मांस), ‘कुखुराको मासु’ (कोंबडीचं मांस), ‘चिनी छैन’ (साखर नाही). फळीवर चिकटवल्या. पुढच्या शनिवारी एक आजी बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचत होती, ते पाहून लेक घरी आल्यावर कितीतरी वेळ तेच सांगत होती.

निबंध त्याच चिठ्ठ्यांवर झाला. कथक एका ओळीत मावलं. मराठी घरांतल्या मुलांना माझं सांगणं आहे की गणेशोत्सव, मराठी शाळा, ढोल-ताशा पथक ही कामं लिहाच, पण परीक्षकाला गणेशोत्सव म्हणजे काय ते ठाऊक नसतं असं धरून लिहा. “सांस्कृतिक कार्यक्रमात स्वयंसेवक” असं मोघम लिहू नका. तीनशे माणसांच्या पंगतीत तू नेमकं काय केलंस, किती शनिवार गेलास, तुझ्यामुळे काय बदललं, ते लिहा.

जानेवारीत आमच्या लॉजने मुलांना भेटायला बोलावलं. सगळीच लॉज बोलावतात असं नाही. जायच्या आधी मी लेकीला या संस्थेचा इतिहास सांगितला, चांगला आणि वाईट दोन्ही. १८६८मध्ये न्यूयॉर्कच्या नाटकवाल्यांनी मजेखातर जमवलेली मैफल, मग एक साथीदार वारला, त्याची बायको-मुलं उघड्यावर आली, आणि त्यातून मदत करणारी संस्था उभी राहिली. पण हीच संस्था १९७३पर्यंत फक्त गोऱ्यांना सभासद करून घेत होती, आणि बायकांना १९९५ साली दार उघडलं. कृष्णवर्णीयांनी १८९८मध्ये इथेच, ओहायोतल्या सिनसिनाटीत, स्वतःची वेगळी एल्क्स संघटना काढली. त्यांच्याच वक्तृत्व स्पर्धेत १९४४ साली जॉर्जियातल्या डब्लिन गावी एक पंधरा वर्षांचा मुलगा राज्यघटनेवर बोलला. परतताना बसमध्ये गोऱ्या प्रवाशांसाठी त्याला जागा सोडावी लागली, अटलांटापर्यंत उभ्याने यावं लागलं. तो मार्टिन लूथर किंग. मुलांनी ज्यांच्याकडून पैसे घ्यायचे त्यांचं हे सगळं जाणून घ्यावं, असं मला वाटतं. लेकीने ऐकलं आणि म्हणाली, “आई, मग तर आत जाऊन बघायलाच हवं.”

आत लाकडी भिंती, एल्क नावाच्या हरणाचं शिंगांसकट मस्तक, कॉफीचा वास. तिघेजण बसले होते, तिघेही सत्तरीच्या पुढचे. त्यांनी गुणांबद्दल काहीच विचारलं नाही. एका आजोबांनी विचारलं, ती अक्षरं तुला कशी येतात? तिने कागद मागितला आणि त्यांचं नाव देवनागरीत लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, घडी घातली आणि कागद खिशात ठेवला.

जिल्ह्याच्या पातळीवर तिचा अर्ज थांबला. पाचशेत ती आली नाही. वाईट वाटलं, दोन दिवस घर शांत होतं. पण मार्चमध्ये आमच्या लॉजचं पत्र आलं, त्यांच्या स्वतःच्या निधीतून १,००० डॉलर. ओहायो स्टेट विद्यापीठाची राज्यातल्या मुलांसाठीची वर्षाची फी सुमारे १३,००० डॉलर. त्यातले हजार म्हणजे आमच्यासाठी एका सत्राची पुस्तकं आणि वर थोडं.

मे महिन्यात लॉजमध्ये जेवण होतं. नवरा कोट घालून आला. जेवण झाल्यावर अचानक दिवे मंद केले आणि घंटेचे अकरा टोले पडले. एल्क्सच्या बोधचिन्हातल्या घड्याळाचे काटे अकरावर असतात, कारण ती त्यांची आठवणीची वेळ. अकरा वाजायला अजून पुष्कळ अवकाश होता, पण कार्यक्रमात ती घटका आधीच पाळतात. सगळे उभे राहिले आणि जे आज हजर नाहीत त्या सभासदांसाठी पेले उंचावले. माझ्या हातात लिंबाचं सरबत होतं. मी आजोबांची सात घरं आठवली, एक नाव मात्र आठवेना. घरी येऊन नाशिकला आईला फोन लावला तेव्हा ते कळलं.

आता पैसे हातात पडल्यानंतरच्या दोन गोष्टी, कारण त्या कुणी सांगत नाही. बाहेरची शिष्यवृत्ती कॉलेजला कळवावी लागते, आणि काही कॉलेजं तेवढी रक्कम आपल्या मदतीतून कापतात. मेरीलँडने २०१७ साली कायदा करून सरकारी कॉलेजांच्या या कापाकापीवर बंधन घातलं, पण तसा कायदा सगळीकडे नाही. म्हणून आर्थिक मदत कार्यालयाला ईमेलवर विचारा: कपात कर्जातून करणार की अनुदानातून? कर्जातून करा अशी विनंती करता येते. आम्ही केली, त्यांनी मान्य केली. दुसरं, फी आणि लागणाऱ्या पुस्तकांसाठी वापरलेल्या शिष्यवृत्तीवर कर नाही, राहण्या-जेवणावर खर्च केली तर तेवढ्यावर आहे. पावत्या जपा.

आणि आभाराचं पत्र हाताने लिहायला लावा. लेकीने खाली तिचं नाव दोन्ही लिप्यांत लिहिलं. ऑगस्टमध्ये कॉलेजात प्रवेश झाल्याचा दाखला लॉजला पाठवला, त्यानंतरच चेक निघाला, थेट विद्यापीठाच्या नावाने. त्यावर मुलांचा विद्यार्थी क्रमांक लिहिलाय ना, ते पाहून घ्या. आमच्या चेकवर नव्हता, त्यामुळे तीन आठवडे तो कुठल्या खात्यात टाकायचा हेच तिथल्या लोकांना कळत नव्हतं.