खड्डा खणायचा तो माघारी फिरण्यासाठी

बर्फाच्या उतारावर आपल्याला दिसतो तो फक्त सगळ्यात वरचा थर. त्याखाली अख्खा हिवाळा थरावर थर रचलेला असतो. वर वाऱ्याने दाबलेला घट्ट, एकसंध स्लॅब आणि त्याखाली भुसभुशीत थर, अशी जोडी जमली की एका माणसाचं वजनही पुरतं. खालचा थर ढासळतो, भेग आडवी धावत जाते आणि वरचा स्लॅब सुटतो. अशा अपघातांत बहुतेक वेळा हिमस्खलन त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच वजनाने सुरू झालेलं असतं. म्हणून खड्डा खणून थर पाहायला शिका.

पण फावडं काढण्याआधी आजूबाजूला बघा. तशाच उतारावर ताजं हिमस्खलन झालंय? पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला? स्कीच्या टोकापासून भेगा पळाल्या? गेल्या एक-दोन दिवसांत भरपूर बर्फ पडला, वाऱ्याने बर्फ वाहून आणला किंवा अचानक ऊब वाढली, पाऊस झाला? यातलं एक जरी असलं, तर मी खणतच नाही, तिथूनच मागे फिरते. खड्ड्याचा निकाल कितीही चांगला येवो, या खुणांपुढे तो टिकत नाही.

उताराचा कोन क्लिनोमीटरने मोजा, डोळ्यांवर विसंबू नका. स्लॅब मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, 38 च्या आसपास सर्वाधिक. सपाटीवर उभे असलात तरी डोक्यावर असा उतार असेल, तर तुम्ही त्याच्या वाटेतच आहात.

खड्ड्यासाठी जागा अशी निवडा की दिशा आणि चढ जायच्या उतारासारखाच असेल, पण वर काही लटकलेलं नसेल आणि खाली घळ किंवा कडा नसेल. सोबती सुरक्षित जागेवरून तुमच्याकडे बघत असू द्या. आधी प्रोब म्हणजे लांब, घडीची सळई खुपसून खोली पाहा, मग सव्वा-दीड मीटर खणा. चढाकडची भिंत फावड्याने गुळगुळीत तासा.

आता त्या भिंतीत हात घाला. प्रत्येक थरात काय घुसतं ते पाहा: मूठ, चार बोटं, एक बोट, पेन्सिल की फक्त सुरी. एका बोटाच्या थराखाली मुठीचा थर लागला, तर तिथे थांबा. त्यातले दाणे तळहातावर घ्या. जाड साखरेसारखे सुटे, कोनदार, चमकणारे असतील आणि दाबून गोळा होत नसेल, तर तो कमजोर थर. बर्फात दर 10 सेंटीमीटरला एक अंशाहून जास्त तापमानाचा फरक असला की असे दाणे बनतात. थंडी कडक आणि बर्फ पातळ असेल तेव्हा हे हमखास होतं.

मग लांब स्तंभाची चाचणी: त्याच भिंतीतला बर्फाचा स्तंभ, उताराला आडवा 90 सेंटीमीटर रुंद, चढाच्या दिशेने आत 30 सेंटीमीटर, मागूनही दोरीने कापून सुटा केलेला. एका टोकावर फावडं ठेवून 10 टपल्या मनगटातून, 10 कोपरातून, 10 खांद्यातून मारा. भेग पडली की लगेच पाहा, ती त्याच किंवा पुढच्या टपलीला दुसऱ्या टोकापर्यंत गेली का. गेली, तर त्या उतारावर जायचं नाही.

एकदा माझ्या खड्ड्यात तीसही टपल्यांना काहीच तुटलं नाही. मी खूश होते. दोनशे पावलं पुढे गेलो आणि पायाखाली धप्प! सोबत्यांच्या पायांमधून भेग गेली. तिथे वाऱ्याने बर्फ उडवल्यामुळे थर पातळ होता आणि त्याखाली साखर. उतार सुटला नाही, आम्ही एकेक करून आलेल्या वाटेनेच परतलो. तेव्हापासून चांगला निकाल मी परवाना मानत नाही, वाईट निकाल मात्र लगेच मानते.

आणि तरीही जायचं ठरलं, तर प्रत्येकाकडे बीकन (बर्फाखालूनही संदेश पाठवणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), प्रोब आणि फावडं हवं. गाडल्या गेलेल्यांपैकी बहुतेक जण पहिल्या दहा मिनिटांत सापडले तर वाचतात, त्यानंतर शक्यता झपाट्याने घसरते. बाहेरची मदत तोवर येत नाही, शोधायचं तुम्हालाच. निघताना बीकन सुरू आहेत की नाहीत हे एकमेकांचे तपासा, खड्डा बुजवा आणि उतार एकेकाने ओलांडा, बाकीच्यांची नजर त्या एकावर.