आप्पांचं बीपी आणि पायाखालचा पाट
आमच्या आप्पांचं बीपी एकदा १६८ भरलं आणि सासूबाईंनी मिठाचा डबा थेट वरच्या फळीवर ठेवला. चूक मशीनची नव्हती, माझी होती. आप्पा नुकतेच जिना चढून आलेले, पट्टा स्वेटरच्या बाहीवरूनच गुंडाळलेला, आणि वर दूधवाल्याचा हिशेब सांगणं चालूच.

आता चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ देते. लघवीला जाऊन आले की पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसवते. त्यांचे पाय खुर्चीवरून लोंबकळतात, म्हणून खाली पाट. पायावर पाय टाकायचा नाही.

खरी गोम पट्ट्यात आहे. उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूने तळहाताकडे. पट्ट्याखाली बोट सरकलं पाहिजे. हात टेबलावर, खाली उशी, पट्टा छातीच्या पातळीत. हात खाली लोंबला की आकडा चढतो. माझा दंड जाड, आप्पांचा पट्टा मला तोकडा पडतो नि बीपी उगाच जास्त दाखवतो. मोठा वेगळा घ्यावा लागला.

मशीन चालू असताना बोलायचं नाही, 'किती आलं गं?' सुद्धा नाही. मिनिटभराने पुन्हा एकदा. दोन्ही आकडे वहीत, वेळेसकट. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी. सुरुवातीला दोन्ही हात तपासले, उजव्यात जास्त येतं, तेव्हापासून उजवाच. सरासरी १३५/८५ च्या वर राहू लागली की वही घेऊन डॉक्टरांकडे. गोळी आपल्या मनाने वाढवायची नाही, हे मात्र आप्पांना अजून पटलेलं नाही.